माचा आणि आईच्या तोंडची चव

नागपूरहून आईला अमरावतीच्या घरी आणलं तेव्हा एप्रिल संपत आला होता. तिच्या गालाच्या आतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर सहा आठवडे शेक. डॉक्टर रेडिएशन म्हणायचे, वॉर्डातल्या बायका शेक म्हणायच्या, आणि सगळा जन्म नर्सबाई म्हणून काढलेली माझी आईसुद्धा शेवटी शेकच म्हणू लागली होती. निघताना डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता तुम्ही फक्त खायला घाला. वजन घटू देऊ नका."

ते 'फक्त' डोक्यात घेऊन मी गाडीत बसले.

आईचं तोंड जेमतेम एक बोट आत जाईल एवढंच उघडत होतं. लाळ सुटत नव्हती. आतून सगळं सोलून निघालेलं. आणि चव पार गेली होती. तापात जाते तशी नव्हे. गोड, खारट, आंबट, काहीच उरलं नव्हतं. वरणाचं वरचं पाणी गाळून दिलं की ती म्हणायची, "गढूळ पाणी हाय." शेवयांची खीर मिक्सरमधून काढून दिली तर, "कागद भिजवून देल्ला का वं?" चार चमचे झाले की वाटी बाजूला सारायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

मी अकोल्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. नवऱ्याची नोकरीही तिथलीच, मुलगी पुण्यात शिकते. सुट्या लागल्या होत्या म्हणून मी आईकडे राहायला आले. वलगाव रोडवरचं तिचं घर दोन खोल्यांचं, पुढे थोडं अंगण, मागे मोरी. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहते आणि 'माझ्याकडे चल' म्हटलं की तिला राग येतो.

त्या घरात मला बसवत नव्हतं. सकाळी उठल्यापासून मी काहीतरी करत असे. डबे काढून पुसायचे, परत लावायचे, मग लावलेले आवडायचे नाहीत म्हणून पुन्हा काढायचे. कूलरमध्ये पाणी असताना आणखी पाणी टाकायचे. आईला वजनकाट्यावर उभं करायचे, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जसं काही दिवसभरात ती भरून येणार होती. काटा जरा खाली दिसला की तो दुसऱ्या फरशीवर ठेवून पुन्हा बघायचे. पुस्तक उघडलं तर तेच पान तासभर समोर. आई पडल्यापडल्या पुटपुटायची, "बस ना वं जराशी. तुले पाहूनच मी थकून राहिली."

मी बसायचे, आणि पाचव्या मिनिटाला उठायचे.

याचं एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आई अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यात आरोग्य सेविका होती. उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत माझं लहानपण गेलं. बाळंतपणं, लसी, लोहाच्या गोळ्या, जुलाब झालेल्या लेकरांसाठी मीठ-साखरेचं पाणी. तंबाखूवरून ती बायकांना अशी खडसवायची, की काही जणी तिला पाहून रस्ता बदलायच्या. आणि रोज सकाळी घराच्या मागे बसून ती स्वतः मिसरी लावायची. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, चुरून डबीत भरलेली. दातांवरून बोट फिरवत ती पंधरा-वीस मिनिटं बसायची. त्या वेळात तिला हाक मारायची नाही. "बाहेर कोणाले सांगू नोको," एवढंच ती एकदा म्हणाली होती.

तंबाखूची पुडी मी आणायचे. नर्सबाईने दुकानात जाऊन मागायची कशी? मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुकानदाराला सांगायचं, आजीसाठी पाहिजे. आम्हाला आजी नव्हती. दुकानदाराला ते माहीत असावं, तो काही न बोलता पुडी द्यायचा.

गाठ त्याच गालात निघाली, ज्या बाजूला ती बोट जास्त फिरवायची. डॉक्टरांनी सवयीबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाली, "होती." मी खाली फरशीकडे बघत होते. तेव्हापासून माझ्या पायांना थारा नव्हता.

त्या दिवसांत मी फोनवरून काहीही मागवत होते. वाकणारा मऊ चमचा. जाड नळ्या. तीन तऱ्हेच्या ताकदीच्या पावडरी, ज्या आईने एकेका घोटात नाकारल्या. दुपारी बाहेर ऊन पांढरं झालेलं असे, आई कूलरसमोर पडलेली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात बसून अंगठ्याने एकामागून एक व्हिडिओ सरकवत राहायचे. एकदा त्यात एक मुलगी दिसली. तिने मिक्सरच्या भांड्यात दूध आणि बर्फ टाकला, वरून गर्द हिरवी भुकटी टाकली, भांडं फिरवलं आणि फेसाळ हिरवं काहीतरी उंच ग्लासात ओतलं. थंड, मऊ, चावायचं काहीच नाही. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि ती भुकटी मागवून टाकली. तिला माचा म्हणतात एवढंच मला कळलं होतं.

छोटासा डबा आला. झाकण उघडलं तर वाळलेल्या गवताचा, पाऊस पडून गेलेल्या शेताच्या धुऱ्यावर येतो तसा वास. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई! तू माचा मागवलास?" ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. "अगं, तो चहाच असतो. चहाची कोवळी पानं सावलीत वाढवून, वाळवून दळतात."

खाटेवरून आईचा घोगरा आवाज आला, "चहा हाय तं उकळत काहून नाई?"

"आजी, पावडरच प्यायची असते. चोथा नसतोच."

"मंग थो चहा नोय. थे औषध झालं," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. पण ती बोलली होती. दिवसाकाठी दहा-बारा शब्दांवर आलेली बाई एका दमात दोन वाक्यं बोलली होती.

चहा म्हटल्यावर मी घाबरून नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थोडा चालेल, सकाळच्या वेळी द्या, बर्फ अगदी बारीक करा, आणि झोंबलं तर लगेच थांबवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी ओट्यापाशी उभी राहिले. आईचा मिक्सर जुना, झाकणाचं रबर सैल झालेलं. मी घाईत होते. कशाची घाई, ते विचारू नका. दूध नुकतंच तापवून उतरवलेलं, ते कोमट असतानाच भांड्यात ओतलं, फ्रिजमधल्या बर्फाचे अख्खे खडे टाकले, वर दोन मोठे चमचे हिरवी भुकटी, एक केळं, आणि बटण फिरवलं.

बर्फाचा खडा पात्यात अडकला. भांडं थरथरलं, झाकण उडालं, आणि हिरवा फवारा भिंतीवर, गॅसवर, माझ्या चष्म्यावर आला. मिक्सर जळका वास सोडून बंद पडला.

मी तशीच उभी होते. मागे चपलांचा आवाज झाला. आई भिंतीला हात लावत दारापर्यंत आली होती. घरी आल्यापासून ती स्वयंपाकघरात आली नव्हती.

"काय करून राहिली वं?"

"तुझ्यासाठी माचा," मी म्हटलं. चष्मा काढून पदराने पुसला तर काचेवर आणखी पसरलं.

तिने भांड्यात डोकावून पाहिलं. वर हिरव्या गुठळ्या तरंगत होत्या, एक फोडली तर आत भुकटी कोरडीच. आईच्या चेहऱ्यावर एक भाव आला, तो मी लहानपणी हजार वेळा पाहिलेला. लेकराला जुलाब होत असताना कोणी पाकिटातली पावडर अंदाजाने लोटीत टाकली की तो भाव यायचा.

"अशी घोळतात का पावडर? एकदम पाण्यात टाकली तं गाठी होतातच. पयले वाटीत घे. जरासं पाणी टाक, कोमट. मंग चमच्यानं घोट, पेस्ट होईस्तोवर. तवर दूध थंडं होऊ दे. आन बरफ कपड्यात बांधून ठेच. इतकं बी येत नाई?"

मला रडू येत होतं आणि हसूही. मी स्टूल पुढे ओढलं, ती बसली. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं, ते तिने दाबायला लावलं आणि मिक्सर सुरू झाला. तो जळला नव्हता, नुसता बंद पडला होता. मी वाटीत एक छोटा चमचा भुकटी घेतली, कोमट पाणी शिंपडलं आणि घोटत बसले. ती बघत होती. "अजून. अजून एक गाठ हाय त्या बाजूनं." जुन्या धोतराच्या फडक्यात बर्फ बांधून मी बत्त्याने ठेचला. दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि अर्धा तास आम्ही दोघी नुसत्या बसलो. पहिल्यांदाच मी अर्धा तास एका जागी बसले. पाय मात्र हलत होते.

केळी अंजनगावहून आलेली होती. आईने जिचं बाळंतपण केलं होतं अशा एका बाईचा मुलगा आता तिकडे केळी पिकवतो, त्याने एसटीतून फणी पाठवली होती. एक पिकलेलं केळं, दूध, चार भिजवलेले खजूर, ठेचलेला बर्फ आणि ती हिरवी पेस्ट. या वेळी मिक्सर नीट फिरला. रंग शेतातल्या कोवळ्या मुगाच्या पानांसारखा निघाला. मी ग्लासात नळी घालून तिच्या हातात दिला.

तिने एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. मला वाटलं झोंबतंय, मी ग्लास घ्यायला हात पुढे केला. तिने तो बाजूला केला आणि गिळला.

"कडू हाय," ती म्हणाली.

"थांब, साखर टाकते."

"साखर नोको टाकू." तिने आणखी एक घोट घेतला. "अवं, मी काय म्हणून राहिली? कडू हाय. मले कडू लागून राहिलं."

मी साखरेचा डबा परत ठेवला.

"गोडाचं काईच नाई. केळं टाकलं का नाई टाकलं, समजत नाई. पण कडू लागते. जिभीच्या पाठीमांगं, इथी." तिने गळ्याजवळ बोट ठेवलं. दोन महिन्यांत तिच्या जिभेने पहिल्यांदा काही ओळखलं होतं. ती ग्लासभर प्यायली. तळाला राहिलेलं मी चमच्याने काढून दिलं तेही प्यायली. मग म्हणाली, "भिंत पूस आता. डाग बसतीन."

मी भिंत पुसत होते आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होते. आनंद झाला होता म्हणावं तर तो आनंद बसू देणारा नव्हता. कडू आलं, म्हणजे बाकीचं येईल. कधी येईल? आज येईल का?

दुसऱ्या दिवसापासून अकराचा माचा ठरून गेला. आणि त्याबरोबर माझा नवा उद्योग सुरू झाला. मी चार चमच्यांत मीठ, साखर, लिंबू, हळद घेऊन तिच्यासमोर उभी राहू लागले. "डोळे मीट. हे काय आहे?" सकाळी एकदा, दुपारी एकदा. वहीत लिहून ठेवू लागले. मीठ, नाही. साखर, नाही. लिंबू झोंबलं, चव नाही. तोंड उघडायचा तिचा एक व्यायाम होता, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज एखादी वाढवायची. मी त्या काड्यांमागेही लागले. "आणखी एक बसेल. कर ना प्रयत्न."

पाचव्या-सहाव्या दिवशी तिने साखरेचा चमचा माझ्या हातातून उडवला.

"मी काय तुया कॉलेजातली बेडकी हाओ का? घडीघडी चीर, घडीघडी पाहून घे! पोट्टे बी तुले असेच कटाळत असतीन!"

"तुझ्यासाठीच करते ना मी!" मीही ओरडले. "तू नुसती पडून असतेस. मी एकटीने काय काय करायचं?"

"नोको करू. कोणं सांगतलं तुले?"

शेजारच्या काकूंना हाक मारून मी म्हटलं, मला अकोल्याला कॉलेजचं काम निघालं, दुपारभर आईकडे लक्ष ठेवा. कॉलेजचं काहीच काम नव्हतं. स्टँडवर उभी होती ती पहिली गाडी पकडली. खिडकीतून येणारा वारा भाजत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच एखादं हिरवं निंबाचं झाड, आणि मी मनात आईशी भांडत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत भांडण संपलं.

अकोल्यात घराचं कुलूप उघडलं. नवरा ऑफिसात होता. मी फ्रिज रिकामा करून धुतला. पडदे काढले, भिजवले, वाळत टाकले. खुर्चीत बसले, उठले. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. काकूंना लावला, त्या म्हणाल्या, "मी आत्ताच पाहून आली, बरी हाय, स्वयंपाकघरात हाय." स्वयंपाकघरात काय करतेय, हे विचारायच्या आधी फोन कटला. पुन्हा लागेना. मी पडदे ओलेच सोडले आणि तासाभरात परतीच्या गाडीत बसले. आल्या पावली परत जाणारी बाई बघून कंडक्टरने, तोच होता, मान हलवली.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वीज गेलेली. आई ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. समोर पातेलं, त्यात ताकाची रवी, आणि ती दोन्ही तळहातांमध्ये रवी घुसळत होती. काकू बाजूला उभ्या होत्या.

"मिक्सर चालत नाई, लाइट गेली," आई म्हणाली, जणू मी दहा मिनिटांपूर्वीच बाहेर गेले होते. "रवीनं बी बराबर होते. फेस पाय."

फेस खरोखरच आला होता, मिक्सरमध्ये यायचा त्यापेक्षा दाट. डॉक्टरांनी सकाळचीच वेळ सांगितली होती, पण मी फेस पाहायला वाकले. केळं तिने काट्याने कुस्करून चाळणीतून काढलं होतं, बर्फ नव्हता म्हणून माठातलं पाणी घातलं होतं. आधी तिने काकूंना वाटीत थोडं दिलं. काकूंनी एक घोट घेतला आणि मोरीकडे पळाल्या.

"अवं माय! हे तं निंबाचा पाला हाय!"

आई हसली. गाल दुखत होता म्हणून हाताने धरून हसली. "तुमाले बी कडू लागलं ना? लागलं ना? पाय, म्या म्हटलं होतं का नाई!" मला त्या हसण्याचा अर्थ समजला. तिला आतापर्यंत खात्री नव्हती. कडू आपल्याला खरंच लागतंय, का लेकीचं मन राहावं म्हणून आपण मनाने लावून घेतोय, याची. म्हणून तिने काकूंना पाजलं होतं.

काकू तोंड धुऊन गेल्या. वीज यायची होती. आम्ही दोघी अंगणात खाटेवर बसलो. ग्लासातून आई हळूहळू पीत होती.

"कुठी गेली होती?"

"अकोल्याला. काम होतं."

"काय काम?"

"फ्रिज धुतला," मी म्हटलं.

तिने आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "तुले येक जागी बसवत काहून नाई? लहानपणी तं तू धोंड्यासारखी बसत होती."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. ठरवलेलं काही नव्हतं. "पुडी मी आणायचे," मी म्हटलं. "तंबाखूची. आजीसाठी पाहिजे सांगून. दर आठवड्याला मीच आणायचे."

आईने ग्लास खाली ठेवला. मला वाटलं ती आता माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिने तसं काही केलं नाही. ती चिडली.

"मंग? तू नसती आणली तं म्या दुसऱ्या गावाहून आणली असती. शिपायाले सांगून आणली असती. आठ वर्साच्या पोट्टीनं माया दातावर बोट धरून फिरवलं काय? इतके दिवस हे डोक्शात घेऊन फिरून राहिली तू?"

"हो."

"नागपुरात बी?"

"हो."

"येडी हाय," ती म्हणाली. मग घोगऱ्या आवाजात, "चूक माई होती. तुले पाठवलं, थे बी चूक होती. मले लाज वाटत होती दुकानात जायाची. म्हून लेकराले पाठवलं. थे माये हिशेबात हाय, तुये नाई."

मी रडले. ती रडली नाही. तिच्या डोळ्यांतही शेकापासून पाणी कमीच यायचं. तिने ग्लास माझ्यापुढे केला. "घे, पी. तोंड कोरडं पडलं असन." मी प्यायले. मला माचा आवडत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी चमचे बंद केले. वही कुठेतरी ठेवली. आता घोटायचं काम तिचं होतं. माझ्या हाताला गाठी राहतात असं तिचं मत झालं होतं. रोज सकाळी ती ओट्यापाशी स्टुलावर बसून वाटीत हिरवी पेस्ट करायची, मी बर्फ ठेचायचे. कधी शेंगदाण्याचा कूट घातला, तो बारीक झाला नाही म्हणून गळ्यात अडकला आणि अर्धा तास ती खोकत होती. मी फोन हातात घेऊन दारात येरझाऱ्या घालत होते. पुढे कूट रात्रभर भिजवून वाटायला शिकलो. मग साय घातली. मग भिजवलेले बदाम. वजनकाटा आठवडाभर हलला नाही, मग अर्धा किलो वर गेला. मी आईला उतरवून पुन्हा चढवलं. काट्याने तेवढंच दाखवलं.

मीठ जूनच्या सुरुवातीला आलं. मी शोधत नव्हते तेव्हा आलं. वरणाचं पाणी पिताना तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालं." मीठ खरंच जास्त झालं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला फोन केला आणि नीट काही सांगू शकले नाही. त्याला वाटलं काही वाईट झालं.

कॉलेज सुरू व्हायचं होतं. निघायच्या आधी मी चिठ्ठ्या लिहून डब्यांवर चिकटवल्या, काकूंना सूचना दिल्या, औषधं वारांप्रमाणे लावली. आई खाटेवर बसून काड्या दातांत धरून हे सगळं बघत होती. काड्या काढून म्हणाली, "उपकेंद्र म्या चालवलं, तू नाई."

पुढच्या महिन्यात ती एकटी एसटीने अंजनगावकडे जाऊन आली, त्या केळीवाल्याच्या घरी लग्न होतं. मला नंतर सांगितलं. तिथे बायकांमध्ये बसून तिने तोंड उघडून दाखवलं म्हणे, जितकं उघडतं तितकं. जेवायला वरणात पोळी कालवून खाल्ली, तासभर लागला, पण खाल्ली. जिलेबीचा एक तुकडा तोंडात ठेवला. गोड अजून आलेलं नव्हतं. "कुरकुरीत होती," ती म्हणाली. "चांगली तळली होती."

गोड सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही अर्धवट. आता ती म्हणते, साखर लागते पण लांबून लागते. तपासणी दर तीन महिन्यांनी असते. दोन झाल्या, दोन्ही ठीक. तिसरी पुढच्या आठवड्यात आहे. मी रजेचा अर्ज आजच देऊन ठेवला. सकाळी एक तास शिकवून स्टाफरूममध्ये आले, खुर्ची ओढली, बसले नाही, खिडकीपाशी गेले आणि आईला फोन लावला.

"काय खाल्लं?"

"अजून नाई. करून राहिली."

"काय करून राहिली?"

"मेथी. तुनं सकायी बी फोन केला होता, काल बी तीनदा केला होता. शिकवतं कोण तिथी?"

"तपासणीला मी येते. गाडी सांगून ठेवू का? का एसटीने जायचं? मुक्काम लागला तर—"

"ठेव आता," आई म्हणाली. "भाजी खाली लागून राहिली."